चिमूटभर दारू

चाचांची आणि माझी ओळख पाट्या-वरवंट्यावरून झाली.

लग्न होऊन सांगलीहून कुवेतला आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. हे अहमदीला एका ठेकेदार कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कंपनीने जोडघरांची एक रांग बांधली होती, दोन घरांत मिळून एकच भिंत. आईने बोटीतून माझ्याबरोबर पाटा-वरवंटा दिला होता. तो चढवताना हमालाने मला काय काय ऐकवलं ते जाऊ दे. त्या संध्याकाळी मी हौसेने चटणी वाटायला बसले आणि दोन मिनिटांत दारावर टकटक झाली.

दारात पन्नाशीचा एक उंच, वाळका माणूस. दाढी बारीक कातरलेली, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, एका डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग.

"नवीन आलीस काय गो?"

मी मान हलवली. परदेशात कोणी असं मराठीत बोलेल ही अपेक्षाच नव्हती.

"वाट, वाट, चटणी वाट. फक्त सहा ते सात वाटू नको. माझा काटा हलतो."

एवढं बोलून ते गेले. हे घरी आल्यावर मी म्हटलं, शेजारचे गृहस्थ जरा असेच दिसतात. हे हसत सुटले. ते आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. प्रेशरची घड्याळं, मीटर असली नाजूक दुरुस्ती त्यांच्याकडे. दाभोळच्या खाडीकाठचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. घर-संसार गावी, इथे एकटे. आणि रोज संध्याकाळी सहा ते सात ते काडतुसं भरत.

अहमदीत काही गोऱ्या साहेबांनी मिळून पिस्तूल-क्लब काढला होता. गावाबाहेर वाळूचा बांध घालून त्यापुढे कागदाची निशाणं लावायची आणि शुक्रवारी सकाळी नेमबाजी करायची. विकतची काडतुसं बोटीने यायची, कधी यायची नाहीत, आणि आली तरी चाचांच्या मते "घोड्यासाठी केलेल्या भाकरीसारखी" असायची. म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून चाचा त्या पुन्हा भरत. मागच्या बाजूला नवी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटीशी वाटी, आत मोजून दारू, तोंडाशी शिशाची गोळी. सांगायला एवढंच. पण ते बघायला बसलं की माणूस डोळ्याची पापणी हलवायलाही घाबरायचा.

मी पहिल्यांदा बघितलं ते जूनमध्ये. बाहेर अंगाची लाही होत होती आणि चाचांनी खिडकीतला एअरकंडिशनर बंद केलेला, पंखा बंद, दार बंद. वाऱ्याच्या झुळकीनेही तराजू डुलतो म्हणून. टेबलाला बोल्टने आवळलेलं एक दांड्याचं यंत्र होतं, सोऱ्याचं थोरलं भावंड म्हणावं तसं. घाम टिपायला गळ्यात पंचा, आणि समोर सोनाराच्या काट्यापेक्षाही नाजूक तराजू. त्याच्या पारड्यात करड्या रंगाचे दारूचे कण. एखादा कण जास्त झाला की चिमट्याने उचलून परत डब्यात.

"एका कणाने काय होतंय, चाचा?"

"एका कणाने काय नाय होत," ते म्हणाले. "पण एक कण चालतो म्हटलं की दुसरा बोलतो, मी पण चालतो."

आता या दारू शब्दाने एकदा काय गोंधळ घातला तो सांगते. मी सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची. एका पत्रात मोठ्या कौतुकाने लिहिलं, "शेजारचे चाचा अगदी वडिलांसारखे आहेत. रोज संध्याकाळी नेमाने दारू भरत बसतात. थेंबभर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत. हल्ली मीही त्यांना मदत करते." थेंब हा शब्द मला का सुचला देव जाणे. पोस्ट पोचायला लागेल तेवढाच वेळ गेला आणि ह्यांच्या नावे तार आली : घर ताबडतोब बदला. ह्यांना वाटलं, घराला काही बाधा आहे असं कोणा ज्योतिषाने सांगितलं असेल. उलगडा झाला तेव्हा चाचांनी स्वतः सासूबाईंना चार पानी पत्र लिहिलं, सोबत काडतुसाचं चित्र काढून, बाण दाखवून. सासूबाईंनी ते चित्र पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला दाखवलं.

मदत मी कशी करायला लागले, तर तांदळामुळे. एकदा मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. चाचा ह्यांच्याकडे कसलासा नकाशा मागायला आले होते. नकाशा राहिला बाजूला, ते माझ्या ताटाकडेच बघत राहिले.

"तुना खडा दिसतो कसा गो एवढ्या लवकर?"

"दिसतो. सवयीने."

दुसऱ्या दिवशी ताटभर पितळी पुंगळ्या घेऊन हजर. "तांदूळ निवडतंस, तसं हे निवड. तोंडाशी केसाएवढी चीर गेली असेल ती बाजूला. बुडाशी काळी रेघ दिसली तीसुद्धा." मी निवडल्या. दोनशेत नऊ खराब निघाल्या. चाचांनी भिंग लावून तपासल्या आणि म्हणाले, "आठ मना दिसल्या होत्या. नववी तुझी." त्या दिवसापासून ते काम माझं झालं. पुंगळ्या लख्ख असायच्या, कारण त्या आमसुलाच्या पाण्यात धुतलेल्या असत. चाचांची बायको गावाहून सारासाठी डबाभर आमसुलं पाठवायची. सार चाचांनी वर्षातून दोनदा केलं असेल, बाकी सगळी आमसुलं पितळेला.

साहेब लोकांची चाचांनी स्वतःच्या सोयीसाठी बारशी केलेली होती. एक होता लाल मान्या, एक डोळेमिचक्या, एक भात्या, कारण तो नेम धरताना भात्यासारखा श्वास घ्यायचा. क्लबचा मुख्य होता तो मात्र नुसता कप्तान. प्रत्येकाच्या हाताप्रमाणे भरण वेगळं. डोळेमिचक्या धक्क्याला घाबरतो, त्याला हलकं. लाल मान्याचा पंजा दणकट, त्याला थोडं चढं. कोणी जास्त जोराचं मागितलं की चाचा म्हणायचे, "साहेब, कागदाला भोक पाडायचंय. हत्ती कुठे आलाय?"

साहेब लोकांना नवीन वस्तूंचा सोस भारी. विलायतेहून कॅटलॉग यायचे, मग कोणी अक्रोडाच्या लाकडाची कोरीव मूठ मागवायचा, कोणी नेम धरायला नळीवर बसवायचं नवं पातं. कप्तानाने एकदा भलतंच महागडं पिस्तूल मागवलं. मूठ अशी की बोटांसाठी खोबण्या, अंगठ्यासाठी टेकू. चाचांनी हातात घेऊन बघितलं, परत दिलं.

"कसं आहे, मिस्त्री?" कप्तानाने विचारलं.

"चांगलं हाय. आता असाच हात मागवा."

कप्तान त्यावर हसला, कारण मूळचा माणूस वाईट नव्हता. पण पुढच्या शुक्रवारी तो हसला नाही. नव्या पिस्तुलाने त्याच्या गोळ्या सारख्या खाली जात होत्या आणि तो काडतुसांना दोष देत होता. चाचांनी काही न बोलता त्याच्या पाच काडतुसांत एक पोकळ सरकवलं, आत दारू नाही, टोपी नाही. पहिले तीन बार झाले. चौथ्याला नुसतं टिक् झालं, आणि आवाज नाही, धक्का नाही, तरी कप्तानाचा हात चांगला वीतभर खाली गेला. धक्का येणार या भीतीने तो आधीच हात खाली दाबत होता. सगळ्यांनी बघितलं. लाल मान्या तर वाळूत बसून हसला. कप्तान आठवडाभर चाचांशी बोलला नाही.

चाचांचं स्वतःचं पिस्तूल नव्हतंच. क्लबच्या शेडमध्ये लांब नळीचं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं, ते वाळूच्या पोत्यावर टेकवून चाचा प्रत्येक खेपेतली पाच काडतुसं झाडून बघायचे. पाची भोकं रुपयाखाली झाकली की खेप पास. मी विचारलं होतं, तुम्ही स्पर्धेत का नाही उतरत? म्हणाले, "त्यांचा नेम त्यांच्याकडे. मी काडतुसाचा शब्द खरा का खोटा, तेवढं बघतो."

आमच्या रांगेत या सगळ्याबद्दल नाना वदंता. कोणी म्हणे, तरुणपणी यांनी भरलेल्या काडतुसाने कोणाचा तरी हात गेला, तेव्हापासून असे झालेत. कोणी म्हणे, भाऊच गेला. मला ते इतकं पटलं होतं की एकदा धीर करून मी हळूच विचारलं, "चाचा, मागे काही झालं होतं का हो?"

चाचांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "कुठे काय? मना आवडतं, म्हणून करतो."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मला दिवस गेले होते, आठवा संपत आला होता. जानेवारी होता, वाळवंटातली थंडी. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुसऱ्या कॅम्पच्या टीमशी सामना होता. चाचा त्यासाठी तीनशे वीस काडतुसं भरत होते. गुरुवारी अर्धी सुट्टी, म्हणून ते दुपारीच बसले होते. हे कामासाठी बंदरावर गेलेले. आणि चारच्या सुमाराला माझ्या पोटात कळ आली. मला वाटलं जाईल. दुसरी आली, तिसरी आली, आणि मला उभं राहवेना. घरात फोन नव्हता. चाचांचं दार बंद असताना कोणी वाजवायचं नाही, हा नियम पूर्ण रांगेला पाठ होता. मी दारापर्यंत जाऊच शकत नव्हते. हाताशी वरवंटा होता, तो उचलून मी मधल्या भिंतीवर दाणकन मारला. दोनदा.

चाचा अनवाणी धावत आले. मला बघितलं, परत आपल्या घरात गेले, खुर्चीवरची आपली शाल ओढून आणली, माझ्याभोवती गुंडाळली आणि वर्कशॉपच्या गाडीत घातलं. वाटेत सारखे म्हणत होते, "श्वास घे गो बाय, श्वास घे." मी एकदा ओरडले, "घेतेय!" तर म्हणाले, "ओरड, ओरड. ओरडलीस की मना बरं वाटतं."

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? चाचांनी ठासून सांगितलं, "बाप." नर्सने माझं कुंकू बघितलं, त्यांची टोपी आणि दाढी बघितली, आणि फॉर्मवर तसंच लिहिलं.

साडेसहाला मुलगी झाली. दिवसांआधी आली म्हणून लहानखुरी, पण आवाज खणखणीत. हे येऊन पोचेपर्यंत चाचा बाहेरच्या बाकावर बसून होते. मग घरी गेले आणि उरलेली काडतुसं भरायला बसले.

पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं. सकाळी हे माझे कपडे न्यायला घरी आले, तर चाचा पायरीवर काडतुसांचे खोके मांडीवर घेऊन बसलेले, तोंड उतरलेलं. त्यांची एक रीत होती. क्लबच्या शेडमधून त्या दिवसापुरती दारू तोलून आणायची, काम झालं की उरलेली पुन्हा तोलायची. त्या सकाळी उरलेली तोलली, तर एका काडतुसाच्या भरणाएवढी कमी भरली. याचा अर्थ, भिंतीवर वरवंटा आपटला तेव्हा भरलेल्या पुंगळीत, परत आल्यावर त्यांनी पुन्हा दारू घातली असावी. दुप्पट दारूचं काडतूस पिस्तुलातच फुटतं, आणि पिस्तूल धरणाऱ्याच्या हातात. आणि ते तीनशे विसांत कुठलं, ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

हे चाचांबरोबर मैदानावर गेले. पाहुणी टीम आलेली, चहा चाललेला. चाचांनी कप्तानाला सांगितलं, ही काडतुसं आज मारायची नाहीत.

"मग एकेक तोलून बघ," कप्तान म्हणाला. "जड असेल ते बाजूला काढ."

"गोळ्या, पुंगळ्या सगळ्या एका वजनाच्या नसतात, साहेब. त्या फरकात चिमूटभर दारू लपते."

"म्हणजे तुझी खात्री नाही की चूक झाली आहे."

"खात्री नाय. चूक नाय झाली, याची पण नाय."

"असं झालं तरी कसं? काल नेमकं काय झालं?"

हे सांगायला पुढे झाले, तर चाचांनी ह्यांचा दंड धरून मागे ओढलं. "माझी मोजणी चुकली," एवढंच म्हणाले.

विकतच्या काडतुसांचे थोडे खोके शेडमध्ये पडून होते, त्यांवर सामना झाला. ती दणकट, हातांना सवय नाही. डोळेमिचक्याने तर डोळे उघडलेच नसतील. क्लब सपाटून हरला. पाहुणे गेल्यावर कप्तानाने सगळ्यांसमोर हात पुढे केला आणि शेडची किल्ली मागितली. चाचांनी कमरेच्या करगोट्यातून सोडवून दिली.

मी बाळाला घेऊन घरी आले तेव्हा भिंतीपलीकडून खट् खट् आवाज यायचा. चाचा एकेक काडतूस यंत्रात चिमट्याने धरून गोळी ओढून काढत, आतली दारू तोलत, आणि बाजूला ठेवत. भरायला मजा असते, सोडवायला काय असणार? अकरा दिवस लागले. तीनशे विसांतल्या एकातही दुप्पट दारू निघाली नाही.

मग कमी पडलेली दारू गेली कुठे? ती मला सापडली. चाचांची शाल माझ्याचकडे राहिली होती. धुवायला काढली तर तिच्या झालरीत करडे, चपटे कण अडकलेले. इतके दिवस ते बघत आले होते, लगेच ओळखले. खुर्चीवरून शाल ओढताना तराजूचं पारडं तिच्यात उपडं झालं होतं. मी शाल तशीच पसरून, जपून, कागदावर कण झटकून घेतले आणि शेजारी धावले. चाचांनी दार-खिडकी बंद केली, पुडी पारड्यात ओतली, भिंग लावलं.

"जरा कमी भरते," म्हणाले. "हॉस्पिटलात पण सांडलीस काय गो थोडी?" आणि मग असे हसायला लागले की डोळ्यातून पाणी आलं.

"चाचा, आता कप्तानाला सांगा."

"काय सांगू? काडतुसं चांगली होती आणि मीच ती मारू दिली नाय?"

"तुमची चूक नव्हती, हे सांगा."

"चूक होती गो. मी खुशीत भरायला बसलो. खुशी झाली तर माणसाने मिठाई वाटावी, दारू भरू नये." मग भिंग काढून म्हणाले, "आणि तुझं नाव त्या मैदानावर कशाला? पोर जन्मली त्या दिवसाला कोणी हरल्याचा दिवस बोलेल, ते मना नको."

मी तेव्हा ऐकून घेतलं. पण बाळाला सव्वा महिना झाला त्या दिवशी, हे कामावर गेल्यावर, तिला दुपट्यात गुंडाळलं आणि चालत कप्तानाच्या बंगल्यावर गेले. तो बागेत नळी धरून झाडांना पाणी घालत होता. माझं इंग्रजी म्हणजे शाळेतल्या व्याकरणाचं. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं : भिंत, वरवंटा, शाल, हॉस्पिटल. त्याने मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"सगळी उघडली? तीनशे वीसच्या तीनशे वीस?"

"अकरा दिवस."

नळीचं पाणी त्याच्या बुटांवर वाहत होतं, त्याला पत्ता नव्हता. बाळाकडे बघून त्याने विचारलं, हीच का? मी हो म्हटलं. मग तो पुन्हा झाडांकडे वळला, आणि मला वाटलं, फुकट आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला तो स्वतः आमच्या रांगेत आला. चाचांचं दार बंद. आता चाचा आत काडतुसं भरत नव्हते, नुसतीच कोणाची तरी मनगटी घड्याळं दुरुस्त करत होते, पण बंद दाराचा नियम कप्तानालाही ठाऊक होता. त्याने दार वाजवलं नाही. हातात टोपी घेऊन सात वाजेपर्यंत पायरीशी उभा राहिला. मी चहा नेऊन दिला तर कुजबुजत थँक यू म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर आतला काटा हलेल. सात वाजता चाचांनी दार उघडलं. कप्तानाने किल्ली पुढे धरली. दोघांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण चाचांनी किल्ली घेतली आणि त्याला आत बोलावून पंखा लावला.

पुढे चाचा चार वर्षं तिथे होते. क्लब कधी जिंकला, कधी हरला. मग ते निवृत्त होऊन गावी गेले, आणखी काही वर्षांनी आम्हीही परतलो. पत्रं येत-जात, ईदला आणि दिवाळीला. भेट व्हायला मात्र मुलगी कॉलेजात जायची पाळी आली.

आम्ही गेलो तेव्हा चाचा खाडीवर मासळी आणायला गेले होते, आमच्याचसाठी. घरी त्यांची बायको होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, गोरी, तोंडात पान. तिने पाटावर बसवलं, शहाळी दिली आणि समोर येऊन बसली. मला वाटलं, आता ती काडतुसांबद्दल, साहेबांबद्दल काहीतरी विचारेल. इतकी वर्षं नवरा तिकडे, गोष्टी ऐकल्या असतील.

"हे मना तिकडचं काय पण सांगत नाय," ती म्हणाली. "वीस वर्षं राहून आले, पण विचारलं तर बोलतात, काम होतं, केलं. एकच गोष्ट सांगतात, ती मात्र शंभरदा सांगून झाली. शेजारच्या पोरीला कळा सुटल्या आणि हे तिना गाडीत घालून घेऊन गेले. नर्सला बोलले, मी बाप हाय."

ती उठली, पदराला हात पुसले, आणि माझ्या मुलीची हनुवटी वर उचलली.

"मग ती हीच काय गो?"

मी मान हलवली. तिने मुलीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.